वळवलेला नंबर

पितळेची पट्टी, अंगठ्याएवढी. तिच्यावर सात आकडे ठोकलेले. मशीन उलटं केल्याशिवाय दिसत नाही.

*

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. "परत फोन केलास तर याद राख, तुझ्या आईला—"

*

एका खोलीत बारा खुर्च्या, बारा हेडफोन, पाण्याच्या बारा बाटल्या. भिंतीवर कागद चिकटवलेला: हसून बोला, हसू ऐकू येतं.

*

शिलाई मशीनला तेल सोडायच्या जागा अकरा. बहुतेकांना तीनच माहीत असतात.

*

एका बाईचा फोन तीन आठवडे वाजलेला नाही. ती रोज रिसीव्हर उचलून बघते, आत आवाज आहे ना.

*

"मास्तर, मी तुम्हाला फोन केलाच नव्हता."

"मग काय माझ्या फोनला उचकी लागली?"

*

तर, मशीनवाली.

हे नाव तिला बापाकडून आलं. बाप मिस्त्री, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली त्याने दोन बारीक स्क्रूंनी पितळी पट्टी बसवली. पट्टीवर नाव नाही, पत्ता नाही, फक्त घरच्या फोनचा नंबर. चाळीस वर्षांत अशा चार हजार पट्ट्या झाल्या. मिस्त्री गेले तेव्हा वाटणी झाली. घर दादाला, दुकानाचा गाळा दादाला, आणि हिला पाने-पेचकसांची पेटी, मिस्त्रींची जाडजूड वही आणि तो नंबर. दादा हसला होता. "नंबर काय चाटायचाय?"

पण ती जगत होती ती त्या नंबरावरच. चार हजारांतलं एखादं मशीन रोज कुठेतरी अडायचं. कुणीतरी बाई ते उलटं करायची आणि फोन लावायची, "मिस्त्री आहेत का?" मग मशीनवाली म्हणायची, "मिस्त्री नाहीत, मिस्त्रींची मुलगी आहे. अडतंय कुठे ते सांगा." दोन खोल्यांचं भाडं, आत्याची औषधं, स्वतःची चप्पल, सगळं त्या एका वाक्यातून निघत होतं.

आणि एका सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एका पुरुषाने तिच्या आईचा उद्धार केला.

तिला वाटलं, राँग नंबर. साडेनऊपर्यंत अजून चार आले. एक बाई म्हणाली, "तुम्हाला कितीदा सांगायचं, आमच्या घराला खिडक्या आहेत!" एकाने विचारलं, "काय काम होतं? तुमचा मिस्ड कॉल होता." बाकीच्या दोघांनी काही विचारलं नाही, थेट आईवर आले.

मशीनवालीची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"कोण गं?" आत्याने आतून विचारलं. आत्या म्हणजे मिस्त्रींची धाकटी बहीण. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"कुणी नाही."

"कुणी नाही तर पाच वेळा कसा वाजला? इतका तर तुझ्या लग्नाचं बघत होते तेव्हाही वाजला नव्हता."

आठवडाभरात रोजचे शंभर झाले. मशीनवालीने एक गोष्ट पकडली: तिच्या फोनवरून कुणाला फोन जात नव्हता, पण लोकांच्या फोनवर तिचा नंबर दिसत होता. ती टेलिफोन ऑफिसात गेली. खिडकीतल्या कारकुनाने संगणकात पाहिलं आणि समजूत काढावी तसं म्हणाला, "बाई, तुमच्या लाइनवरून एकही कॉल गेलेला नाही. तक्रार कशाची लिहू?"

"न केलेल्या कॉलची."

"तसा रकाना नाही."

खरा घाव पुढे बसला. कपड्यांच्या कारखान्यात चाळीस मशीनं होती, आणि तिचं निम्मं काम तिथलंच. तिथला सुपरवायझर तिला रस्त्यात भेटला आणि नजर चुकवायला लागला. तिने गाठलंच तेव्हा म्हणाला, "ताई, तुमचा फोन आला की माझ्या मोबाईलवर लाल अक्षरं येतात. 'त्रासदायक'. मी उचलला नाही. मशीनं बंद पडून राहिली, मालक ओरडले. दुसऱ्याला बोलावलं."

"अहो, तो दुसरा सुई उलटी लावतो."

"लावतो," सुपरवायझर म्हणाला. "पण फोन उचलता येतो त्याचा."

त्या दिवशी तिने जेवताना ताटात पाहिलं नाही. आत्याने दोनदा काही विचारलं, तिने दोन्ही वेळा "हूं" केलं. तिच्या डोक्यात एकच होतं: कोण? चेहरा दिसल्याशिवाय रागाला बसायला जागा मिळत नाही. तो घरभर फिरतो, भांडी आपटतो.

चेहरा मिळवून दिला मास्तरांनी. हे फोन करणाऱ्यांतलेच एक, निवृत्त भूगोल शिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी तिला 'निर्लज्ज' म्हटलं, दुसऱ्या दिवशी उचकीचा टोमणा मारला, तिसऱ्या दिवशी तिची हकिगत पूर्ण ऐकली आणि चौथ्या दिवशी स्वतःहून फोन करून म्हणाले, "मुली, मी त्यांना 'हो' म्हटलंय. खिडक्यांचं माप घ्यायला माणूस येतोय. त्याच्याकडून कार्ड काढतो. शत्रूचा नकाशा आधी हातात हवा."

माणूस आला, खिडक्या मोजून गेला आणि कार्ड ठेवून गेला. दुहेरी काचेच्या खिडक्या; थंडी बाहेर, आवाज बाहेर. कार्डावर पत्ता होता.

*

बारा खुर्च्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बारा मुलं-मुली एका सुरात बोलत होती, "नमस्कार, मी आपल्या भागातूनच बोलतेय." आपला भाग कुठला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कानात एक यंत्र कायमचं रुतलेलं. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं कबूलही केलं. त्याच्या चेहऱ्यावर लाजेची एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

"त्याचं काय आहे ताई, आम्ही इंटरनेटवरून फोन करतो. स्वस्तात पडतं. साधी लाइन घेतली तर आठवड्यात दुकान बंद. यात यंत्रच फोन लावतं. एकदम पाच घरी. जो पहिला उचलेल त्याच्याशी आमची मुलं बोलतात, बाकीचे चार आपोआप कटतात."

"आणि ते चार जण मग मला फोन करतात."

"करत असतील."

"माझा नंबर का दिसतो त्यांना?"

"एक चौकट असते. कोणता नंबर दाखवायचा तो तिथे टाकायचा. काहीही टाका, चालतं. मोबाईल नंबर टाकला तर लोक कापतात. घरचा जुना नंबर दिसला की उचलतात." तो जरा खुलला. "आणि हा तुमचा नंबर तर कमालच आहे. इतर नंबर शंभरात नऊ जण उचलतात. हा तीस! लोकांना ओळखीचा वाटतो, का कुणास ठाऊक."

मशीनवालीला का ते ठाऊक होतं. चार हजार घरांत तो नंबर मशीनच्या पोटाखाली होता, बायकांच्या डायऱ्यांत होता, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला होता. लोक मिस्त्रींचा फोन समजून उचलत होते.

"तुम्हाला हाच कसा सुचला?"

"आमच्या आईचं मशीन आहे. लहानपणी मी त्याच्या खालीच लोळायचो. वर बघितलं की पट्टी. आकडे मी त्या पट्टीवर शिकलो, खरं सांगतो. चौकट समोर आली आणि बोटांनी आपोआप तोच टाकला." तो हसला. "मिस्त्री गेल्याचं आईकडून कळलं होतं. म्हटलं, नंबर मोकळाच असणार."

"मोकळा नाही. मी आहे त्यावर. बदला तो."

"बदलू की. हा महिना संपू दे. सध्या फार छान चाललंय." मग आवाजात मध आणत तो म्हणाला, "त्यापेक्षा तुम्हीच नवा घ्या ना, ताई. पंधरा मिनिटांत मिळतो."

"चार हजार मशीनांवर जुना आहे."

"अहो, आता शिवतंय कोण घरी!"

ती उठली. जाता जाता तिने भिंतीवरचा कागद वाचला आणि कागदाचा सल्ला मानून हसून म्हणाली, "तुमच्या आईंना नमस्कार सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. तो सांगणार नव्हता. आईला फोन करून त्याला तीन आठवडे झाले होते.

*

मिस्त्रींच्या वहीत पट्टीगणिक एक ओळ होती: मशीनची जात, खोड, मालकिणीचं नाव, घर. मालकाच्या कार्डावर त्याचं आडनाव होतं. त्या आडनावाची ओळ काढायला मशीनवालीला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. ओळीच्या शेवटी मिस्त्रींनी लिहिलं होतं: बाई कडक. हात सरळ.

ती पेटी घेऊन गेली. दार उघडणारी बाई उंच होती, गळ्यात माप घ्यायची टेप, ओठांत टाचणी.

"मिस्त्रींची मुलगी," मशीनवाली म्हणाली. "जुन्या मशीनांची देखभाल करत फिरतेय. काही द्यायचं नाही."

"फुकट मिळालेलं मी कधी शिवलंही नाही आणि नेसलंही नाही," बाई टाचणी काढत म्हणाली. "चहा पी. मग फिटंफाट."

मशीनवालीने मशीन उघडलं. अकराच्या अकरा जागी तेल होतं. तिला जरा अपराधी वाटलं; ज्या घरात मशीन असं ठेवलेलं असतं तिथे हात घाण करायला जीव होत नाही. तिने उगीच पट्ट्याचा ताण पाहिला, स्प्रिंग पाहिली. बाई बोलत होती. मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे, खिडक्यांच्या कंपनीत. दिवसभर फोनवर असतो बिचारा.

"तुम्हाला करतो का फोन?"

बाईने बोळ्याने मशीन पुसलं. स्वच्छच होतं ते. "हा बघ, त्यानेच बसवून दिलाय. मोठा आवाज, मोठे आकडे. वाजत मात्र नाही."

फोनवर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर त्या फोनचा नंबर. मशीनवालीने तो पाठ केला. बापासारखी तिची आकड्यांची नजर पक्की होती.

घरी येऊन ती फोनसमोर बसली. फोन वळवायची सोय प्रत्येक लाइनला असते: आधी चांदणीचं बटण, मग दोन आकडे, मग ज्याच्याकडे पाठवायचा त्याचा नंबर. तिचं बोट चांदणीवर थांबलं.

"काय करतेयस?" आत्याने विचारलं.

"पत्ता चुकलेलं टपाल योग्य घरी पाठवतेय."

"त्या घरात कोण आहे?"

"ज्या आईला शिव्या घालतात, ती आई."

आत्या बराच वेळ गुडघा चोळत राहिली. "तिचा काय दोष?"

"तुझ्या वहिनीचा, माझ्या आईचा काय होता?"

मशीनवालीने बटणं दाबली. फोन गप्प झाला. सोळा दिवसांनी त्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि तिला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही. पण उलट बटणं दाबावीत इतकं वाईटही वाटलं नाही.

*

पहिल्या दिवशी: एकशे चार.

दुसऱ्या दिवशी: एकशे एकतीस.

तिसऱ्या दिवशी किती ते कळायच्या आत, दुपारी तीन वाजता, मशीनवालीच्या दारात ती उंच बाई उभी राहिली. धाप लागलेली. गळ्यात टेप तशीच. हातात शाळेची वही.

"तूच ना?"

मशीनवालीने खोटं बोलायची तयारी केली होती. ती तिला आठवेना. "हो."

"मला वाटलं, चुकून लागतायत फोन. मग एक मास्तर म्हणाले, हा नंबर शिलाई मशीनवालीचा, तुम्ही कोण? मी मशीन उलटं करून पट्टी पाहिली. मग जो येईल त्याला विचारायला लागले, कशाबद्दल बोलताय? सगळे म्हणाले, खिडक्या. तुझा पत्ता तुझ्या दादाने दिला." बाई आत येऊन न विचारता बसली. "माझ्या घरी चहा प्यायलीस. माझ्या मशीनला हात लावलास. आणि माझ्यावर हे सोडलंस."

"तुमच्या मुलाने माझ्यावर सोडलं होतं. मी सोळा दिवस ऐकलं. माझी आई मेलेली आहे, मावशी. तिला उत्तर देता येत नाही. म्हटलं, ज्यांना देता येतं त्यांच्याकडे जाऊ दे."

"सूड घेतलास."

"घेतला."

आत्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाईने तो एका दमात संपवला आणि पदराने तोंड पुसलं.

"घेतलास, पण कच्चा धागा घातलास," ती म्हणाली. "मी एकटीने ऐकून काय उपयोग? सोडून दे ते. आधी तुझं सांगते. दोन फोन तुझेही होते. एकीचा पट्टा घसरतोय, एकीची सुई दर वीत-दीड वितीला तुटते. पत्ते मागच्या पानावर लिहिलेत." तिने वही उघडून दाखवली. पुढच्या पानांवर मशीनच्या टिपेसारख्या सरळ ओळी होत्या. वेळ, आवाज बाईचा की पुरुषाचा, आणि शब्द. एकही शब्द गाळलेला नव्हता. "आता चप्पल घाल. पत्ता तुला माहीत आहे. मला त्याने कधी ऑफिस दाखवलं नाही."

*

बारा जणं बोलत होती. मालक पाठमोरा उभा राहून एका मुलीला शिकवत होता, "श्वास घ्यायला थांबू नकोस. थांबलीस की ते 'नको' म्हणतात."

"सोन्या," आई म्हणाली.

कानांवर हेडफोन असूनही बारा जणांनी ते ऐकलं. एका मुलीला हसू फुटलं. ते तिच्या ग्राहकालाही ऐकू गेलं असणार.

"आई? तू इथे? फोन करायचास ना!"

"काल चारदा केला. तू उचलत नाहीस." तिने एक खुर्ची ओढली, खोलीच्या मधोमध ठेवली आणि चष्मा लावला. मालकाची नजर मशीनवालीवर गेली. मशीनवाली दाराला टेकून उभी होती. हे सगळं तिने पंधरवडाभर मनात रंगवलं होतं, पण त्यात बोलणारी तीच असायची. आता तिच्या लक्षात आलं की तिला फक्त बघायचं आहे, आणि बघणंही कमी गोड नाही.

"वाचते," आई म्हणाली. "बुधवार. नऊ वाजून बारा. पुरुष, पन्नाशीचा. 'तुझ्या आईला' – ही मी." आणि तिने पुढचं वाचलं. पूर्ण. शर्टाची मापं सांगावीत तशा आवाजात: छाती अडतीस, बाही तेवीस.

खोलीतली बोलणी एकेक करून थांबली. यंत्र मात्र पुढच्या पाच घरी फोन लावतच होतं.

"आई, बास. मुलं आहेत इथे."

"नऊ वाजून पंधरा. बाई. सभ्य. म्हणाली, तिचं बाळ आत्ताच झोपलं होतं. रडत होती. नऊ वाजून सोळा. पुरुष. 'तुझी आई कुठल्या—'"

"आई!"

"बस खाली. मी उभी राहून ऐकलंय, तू बसून ऐक. दोनशे पस्तीस कालपर्यंतचे आहेत."

तो बसला. तिने बावन्न वाचले. तिसाव्याला त्याने कानातलं यंत्र काढलं. एक्केचाळिसाव्याला तो काचेच्या कपाटाकडे तोंड करून रडायला लागला. आईने ते पाहिलं, पान उलटलं आणि बेचाळिसावा वाचला. बारांपैकी दोघं पाण्याच्या बाटल्या घेऊन निघून गेली. ज्या मुलीला हसू आलं होतं तिने भिंतीवरचा कागद काढून त्याची घडी केली.

मग आईने वही मिटली. "आता त्या चौकटीतून हिचा नंबर काढ."

त्याने संगणकासमोर बसून काढला. चौकट रिकामी झाली, आणि मशीनवालीने सोळा अधिक तीन दिवसांचा श्वास सोडला.

"ताई, माफ करा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माफी ठेवा तुमच्याकडे," मशीनवाली म्हणाली. "मला नको आहे. कारखान्याच्या सुपरवायझरला लेखी चिठ्ठी द्या, कंपनीच्या शिक्क्याची, की तो नंबर तुम्ही चोरला होता. तशाच चाळीस चिठ्ठ्या मी सांगेन त्या पत्त्यांवर. हाताने लिहायच्या."

"चोरला?"

"दुसरा शब्द सुचत असेल तर लिहा. मी वाचून बघेन."

संगणकाच्या पडद्यावर लाल पट्टी लुकलुकत होती: चौकट रिकामी असेल तर यंत्र फोन लावत नाही. दहा जणं हेडफोन लावून बसली होती आणि कुणालाच काम नव्हतं. मालकाने सवयीने कीबोर्डवर हात ठेवला, कुठला तरी नंबर आठवत. मशीनवालीला ते दिसलं. उद्या कुणाच्या तरी घरी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजणार होता.

आईलाही दिसलं.

"माझा टाक," ती म्हणाली.

"काय?"

"माझा नंबर. तूच बसवलेला. मोठे आकडे, मोठा आवाज. टाक. हिने वाटेत सांगितलं, पाचांतले चार कटतात. ते माझ्याकडे येतील. मी घरीच असते."

"आई, तुला कळतंय का तू काय—"

"मला तीन दिवस दुसरं काही कळलंच नाही. टाक, नाहीतर यंत्र बंद कर. दोन्हींतलं काय ते तू ठरव. आणि बंद केलंस तर तसं मला सांगायला फोन कर."

ती मशीनवालीच्या हाताला धरून जिन्याकडे वळली. जिन्यात तिने हात सोडला.

"तू परत माझ्या दारात येऊ नकोस," ती म्हणाली. "मशीन बिघडलं तर मी नंबर लावीन. तेव्हा ये. काम कर आणि जा."

"येईन, मावशी."

"मावशी नको म्हणूस."

मशीनवालीने मान डोलावली. घरी येऊन तिने चांदणीचं बटण दाबून फोन परत आपल्याकडे वळवला, सुई तुटणाऱ्या बाईचा पत्ता पाहिला आणि पेटी उचलली. आत्याने विचारलं, "बरं वाटलं का?" तेव्हा ती चप्पल घालत होती. "वाटलं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

सोळा दिवस जिला फोनवर शिव्या पडल्या, ती मशीनवालीची आई हयातीत एकदाही फोनवर बोलली नाही. घंटी वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.